पत्नी एक, मुले चार: १९६२च्या एका स्थानबद्ध कुटुंबाचे प्रकरण

हे प्रकरण मुंबईतल्या एका कायदेविषयक मदत केंद्रात आले. मी तिथे काम करते. कुटुंबाच्या परवानगीने ते लिहीत आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. ज्यांचे हे प्रकरण, त्यांना केंद्रात सगळे काकाच म्हणतात. इथेही तेच म्हणते.

पार्श्वभूमी

१९६२ म्हटले की मराठी घरात एकच वाक्य आठवते: हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. बायकांनी हातातल्या पाटल्या-बांगड्या संरक्षण निधीला काढून दिल्या. ही आठवण खरी आहे आणि तिचा अभिमानही खरा आहे. पण त्याच आठवड्यांत देशाच्या दुसऱ्या टोकाला आपलेच सरकार आणखी काय करत होते, ते आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

चीनशी युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झाले आणि २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे लढाई महिनाभराची. या महिन्यात कायदे भराभर आले. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली, त्याच दिवशी भारत संरक्षण अध्यादेश निघाला. ३० ऑक्टोबरला परकीयांविषयीच्या कायद्यात बदल करणारा अध्यादेश आला आणि पुढे त्याचा कायदा झाला. त्यातली तरतूद नीट वाचावी अशी आहे. ज्याचे स्वतःचे, आईवडिलांपैकी कोणाचे किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचे नागरिकत्व कधीकाळी आक्रमण करणाऱ्या देशाचे होते, अशा माणसावरही परकीयांसारखे निर्बंध घालण्याची मुभा सरकारला मिळाली. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींच्या आदेशाने घटनेच्या कलम २१ (जीवित आणि स्वातंत्र्य) आणि २२ (अटक व स्थानबद्धतेपासून संरक्षण) यांखालचे हक्क बजावण्यासाठी न्यायालयात जाण्याची वाटही बंद झाली.

यानंतर आसाम, आजच्या मेघालयाचा भाग आणि उत्तर बंगाल इथल्या चिनी वंशाच्या कुटुंबांना पोलिसांनी उचलले. सुमारे तीन हजार माणसे रेल्वेने राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेली. त्यात म्हातारे होते, बाळंतिणी होत्या, पोरेही होती. बऱ्याच जणांना १९६३मध्ये मद्रासहून जहाजांनी चीनला पाठवले. त्यांतल्या कित्येकांनी तो देश कधी पाहिलाही नव्हता. उरलेले टप्प्याटप्प्याने सुटले आणि शेवटची माणसे बाहेर पडली १९६७ साली. एका महिन्याच्या लढाईसाठी साडेचार वर्षांची छावणी.

काका १९५४ साली वरच्या आसामातल्या एका चहाच्या गावात जन्मले. आजोबा मळ्यावर सुतारकामाला आलेले चिनी, वडीलही सुतार, आई मळ्यावरचीच स्थानिक बाई. घरात बोलणे आसामीत चाले. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पोलीस दारात आले आणि थोडे सामान घेऊन चला म्हणाले. आईचा चीनशी काही संबंध नव्हता. तिला घरी राहता आले असते, पण नवरा आणि मुले निघाली तशी तीही निघाली. काका तेव्हा आठ वर्षांचे. थोरली बहीण अकराची, धाकटा भाऊ पाचचा आणि एक बहीण अंगावर पिणारी.

१९६६ साली ते सुटले. घर आणि हत्यारांची पेटी लिलावात गेली होती. बारा वर्षांचा मुलगा दुसरीच्या वर्गात बसला, लाजेने तिथे टिकला नाही. १९७१च्या सुमारास एका नातेवाइकाच्या ओळखीने ते मुंबईत आले. माझगावला नवाब टँक रोडवर १९१९ साली बांधलेले चिनी देऊळ आहे. त्या वस्तीच्या आधाराने राहिले, फोर्टातल्या एका हॉटेलच्या भटारखान्यात लागले आणि पुढे स्वतःचे छोटे दुकान काढले. काकू गोदी कामगाराची मुलगी, माहेर सिंधुदुर्गातले. काका आज मालवणी हेल काढून मराठी बोलतात.

प्रश्न काय होता

२०२२मध्ये काकांची मुलगी केंद्रात आली ती पासपोर्टसाठी. थोरली आत्या टोरोंटोला असते, ऐंशीच्या घरातली नसली तरी फार आजारी. तिला भावाला पाहायचे होते. काकांकडे आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड सगळे होते. नव्हते ते जन्माचे कागद. ते शोधताना कपाटाच्या लॉकरमधून एक जुने पाकीट निघाले. त्यात दोन कागद होते.

पहिला १९७२चा. मुंबईत काढलेले परदेशी नागरिकाचे नोंदणी प्रमाणपत्र, त्यावर अठरा वर्षांच्या काकांचा फोटो आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'चिनी'. मागच्या पानांवर दरवर्षीचे शिक्के होते, एका वर्षानंतर ते थांबले. काका म्हणाले, "ताई, तिथले साहेबच म्हणाले, आता यायची गरज नाही. लेखी कोण देतो?"

दुसरा कागद वडिलांच्या सुटकेचा. गावी पोचल्यावर चोवीस तासांत पोलीस ठाण्यात हजर व्हावे, परवानगीशिवाय गाव सोडू नये, अशा अटी. वर कुटुंबाचा तपशील: पत्नी एक, मुले तीन.

मुलीने तो आकडा वाचला आणि बापाकडे पाहिले. तिच्या हिशेबाने तो बरोबरच होता: बाबा, आत्या आणि चुलता. काकांनी तेव्हा सांगितले की मुले चार होती. चौथ्या मुलाबद्दल घरात कोणी कधी बोलले नव्हते. तान्ही बहीण देवलीतल्या पहिल्या उन्हाळ्यात गेली. तिला कुठे पुरले ते आईला दाखवले नाही, की आईला पुढे सांगता आले नाही, हे काकांना आठवत नव्हते.

इथून प्रकरणाचे स्वरूप बदलले. मुलीला पासपोर्ट हवाच होता, पण त्याबरोबर सरकारने आपल्या कुटुंबाला किती काळ, कोणत्या हुकमाने, कशासाठी कोंडले आणि तिथे मेलेल्या मुलाची नोंद कुठे आहे, याचे लेखी उत्तर तिला पाहिजे होते. काकांच्या मुलाचे म्हणणे अगदी उलटे. २०२०मध्ये गलवाननंतर दुकानासमोर उभे राहून लोक काय काय बोलले ते त्याने ऐकले होते. "बाबा आज सत्तरीला टेकलेत. ज्या कागदावर 'चिनी' लिहिलंय तोच तुम्ही सरकारच्या टेबलावर नेऊन ठेवणार?" त्याची भीती खोटी म्हणता येत नव्हती. सरकारला जाब विचारायचा तर जी ओळख सरकारनेच लादली होती ती आधी उघडी करावी लागत होती. या प्रकरणातली खरी अडचण हीच होती. कायद्याचा प्रश्न त्यामागून येत होता.

कोणते मार्ग समोर होते

सर्वात सोपा मार्ग म्हणजे गप्प राहणे: जन्माचा एखादा दाखला मिळवायचा, पासपोर्ट काढायचा, पाकीट परत लॉकरमध्ये ठेवायचे. मुलाला हेच हवे होते. काकूंनाही.

दुसरा, उच्च न्यायालयात रिट याचिका. बेकायदा कोठडीबद्दल सरकारने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८३च्या रुदल साह प्रकरणात मान्य केले आहे. पण इथे साठ वर्षांचा उशीर आडवा येत होता. शिवाय त्या वेळच्या संरक्षण कायद्यात सद्भावनेने केलेल्या कारवाईला संरक्षण देणारे कलम होते आणि कुटुंबाकडे मूळ स्थानबद्धतेचा एकही कागद नव्हता. आमच्या वकिलांचे मत स्पष्ट होते: पुराव्याविना गेलो आणि याचिका फेटाळली गेली, तर पुढच्या कुटुंबांची वाटही अवघड होईल.

तिसरा मार्ग घराच्या भरपाईचा. तो आम्ही लवकर सोडला. शत्रू संपत्ती अभिरक्षकाचे, म्हणजे शत्रुदेशाच्या नागरिकांची ताब्यात घेतलेली मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचे, कार्यालय वर्षानुवर्षे मुंबईतच, बॅलार्ड इस्टेटला होते, त्यामुळे चौकशी करावी असे वाटणे स्वाभाविक होते. पण काकांचे घर गावातच लिलावात गेले होते आणि त्या कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीनंतर शत्रू संपत्तीवर वारसाचा दावा, वारस भारतीय नागरिक असला तरी, उभा राहत नाही.

चौथा, जाहीर माफीची मागणी. मुलीचा ओढा इकडे होता. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात कोंडलेल्या जपानी वंशाच्या लोकांची १९८८ साली कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. कॅनडाने त्याच वर्षी २१,००० कॅनेडियन डॉलर दिले. हे तिने वाचले होते. मात्र अमेरिकेत त्या कायद्याआधी सरकारनेच नेमलेल्या आयोगाने कागद तपासले होते, साक्षी घेतल्या होत्या आणि अहवाल दिला होता. आपल्याकडे त्या पायरीचीच सुरुवात नव्हती.

पाचवा, आधी नोंद मिळवणे. माहिती अधिकार, अभिलेखागार, नातेवाइकांच्या साक्षी. मग हातात जे येईल त्यावर पुढचे ठरवायचे.

आम्ही पाचवा सुचवला. मला स्वतःला तो केवळ सावधपणाचा मार्ग वाटला नाही. ज्याला कोंडले त्याला 'होय, आम्ही तुला कोंडले होते, या तारखेपासून या तारखेपर्यंत, या हुकमाने' इतके सांगणे हे सरकारचे पहिले देणे आहे. माफी आणि पैसा त्यानंतरच्या गोष्टी.

कायद्याचा आधार कसा बांधला

काका कोण, नागरिक की परकीय, यावर सगळे अडेल अशी भीती होती. नागरिकत्व कायदा, १९५५ उघडला. २६ जानेवारी १९५० नंतर आणि १ जुलै १९८७पूर्वी भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच नागरिक ठरते. अपवाद परदेशी राजदूतांच्या मुलांचा, आणि शत्रूच्या ताब्यातल्या जागी शत्रुदेशीय बापाच्या पोटी जन्मलेल्यांचा. १९५४ साली आसामातला चहाचा मळा कोणाच्याही ताब्यात नव्हता. म्हणजे कायद्याच्या अक्षराने पाहिले तर आठ वर्षांचा भारतीय नागरिक युद्धकाळात परकीय म्हणून साडेतीन वर्षे छावणीत ठेवला गेला.

सरकारी बाजू यावर म्हणू शकते की कुटुंबप्रमुख परकीय होता. बरे, तसे धरू. मग युद्धकाळात सामान्य नागरिकांना संरक्षण देणारा १९४९चा चौथा जिनिव्हा करार लागू होतो. भारताने तो १९५० साली स्वीकारला आणि १९६० साली जिनिव्हा करार अधिनियम करून देशाच्या कायद्यात आणला. युद्ध रीतसर जाहीर झाले नव्हते ही सबबही चालत नाही, कारण करार प्रत्यक्ष सशस्त्र संघर्षाला लागू होतो. त्यातले कलम ४३ सांगते की स्थानबद्धतेचा फेरविचार वर्षातून किमान दोनदा झाला पाहिजे. कलम १२९ सांगते की छावणीतल्या प्रत्येक मृत्यूला डॉक्टरचा दाखला हवा, त्यात कारण हवे आणि मृत्यूची अधिकृत नोंद हवी. कलम १३०मध्ये कबरींचा मान राखणे आणि त्यांची नोंद ठेवणे येते. कलम १३३ म्हणते, लढाई संपल्यावर स्थानबद्धता शक्य तितक्या लवकर संपली पाहिजे.

नागरिक म्हणा की परकीय म्हणा, उत्तर सरकारलाच द्यायचे होते. ही मांडणी मुलासमोर ठेवली तेव्हा तो पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढून बसला.

एक मुंबईचाच आधार आम्हाला फार मोलाचा वाटला. १९६२च्या त्याच आणीबाणीत, त्याच भारत संरक्षण नियमांखाली प्रभाकर पांडुरंग संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी मराठीत अणुविज्ञानावर पुस्तक लिहिले. हस्तलिखित छापण्यासाठी बाहेर पाठवू द्या, एवढीच त्यांची मागणी. राज्य सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने संझगिरींच्या बाजूने निकाल दिला आणि १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. हक्क बजावण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद होती, तरी सरकारने स्वतःच आखलेल्या स्थानबद्धतेच्या अटींपलीकडे जाऊन माणसावर निर्बंध घालता येत नाहीत, असे न्यायालयाने ठरवले. हा निकाल आम्ही मंत्रालयाला द्यायच्या निवेदनात सर्वात वर ठेवला. युद्धकाळातही स्थानबद्धाला कसे वागवले याचा हिशेब मागता येतो, हे सांगायला यापेक्षा जवळचा दाखला नव्हता.

देवलीबद्दलही एक सांगते. इंग्रजांच्या काळात, दुसऱ्या महायुद्धात, याच छावणीत कॉम्रेड डांगे, रणदिवे, जयप्रकाश नारायण यांना ठेवले होते. १९४१ साली तिथल्या स्थानबद्धांनी वागणुकीविरुद्ध मोठे उपोषण केले. मुंबईचे कामगार नेते ना. म. जोशी छावणी पाहून आले आणि त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्रश्न लावून धरला. लोअर परळच्या रस्त्याला ज्यांचे नाव आहे तेच हे जोशी. परक्या सरकारला स्थानबद्धांबद्दल सभागृहात जाब विचारणारा माणूस आपल्या शहराने दिला होता. वीस वर्षांनी त्याच कुंपणाआड पोरेबाळे होती, तेव्हा त्यांच्यासाठी तसा दौरा कोणी केल्याचे निदान काकांच्या घरात कोणाला आठवत नाही.

काय केले

पहिला निर्णय अर्ज कोणी करायचा याचा. माहितीचा अधिकार कायदा देतो तो 'नागरिकांना'. काकांच्या नावाने अर्ज केला आणि कोणी नागरिकत्वाचा पुरावा मागितला, तर गाडी तिथेच अडणार. मुलगी १९८४ साली मुंबईत पालिकेच्या प्रसूतिगृहात जन्मलेली, तिच्याबद्दल वादाला जागाच नव्हती. अर्ज तिच्या नावाने, सोबत काकांचे संमतिपत्र. १९७२चे नोंदणी प्रमाणपत्र कुठेही जोडायचे नाही, हेही लेखी ठरले. मुलाने त्यानंतर विरोध सोडला.

दुसरा निर्णय आत्याचा. तिची तब्येत पाहता कागदांची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. तिच्या मुलीने टोरोंटोत तिची साक्ष व्हिडिओवर नोंदवली आणि आत्याने तिथेच नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र केले. अकरा वर्षांच्या मुलीला जे दिसते ते काकांपेक्षा वेगळे होते. तिला बराकीतल्या खाटांची रांग आठवत होती, दुपारी तापणारा पत्रा, पाण्याच्या टाकीशी उभे राहायची वेळ. तान्ह्या बहिणीला जुलाब लागले, आई तिला पदराखाली घेऊन दवाखान्याच्या खोलीत गेली आणि रिकाम्या हाताने आली. वडील दोन माणसांबरोबर कुंपणाच्या बाहेर गेले आणि संध्याकाळी परत आले. त्यांच्या चपलांना लाल माती होती, एवढे तिने सांगितले.

मग अर्ज. दिल्लीतल्या मंत्रालयाकडे स्थानबद्धतेचा हुकूम, छावणीतल्या व्यक्तींची यादी, मृत्यूंची नोंदवही, दफनाच्या जागांची यादी आणि सहामाही फेरविचाराचे कागद मागितले. कायद्याच्या कलम ८(३)चा उल्लेख मुद्दाम केला: वीस वर्षांपूर्वीच्या घटनांची माहिती मोजक्या तीन कारणांखेरीज नाकारता येत नाही. उत्तर आले की नोंदी उपलब्ध नाहीत आणि अर्ज संबंधित राज्यांकडे हस्तांतरित केला आहे. एका राज्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले, दुसऱ्याने जिल्ह्याकडे. एका कार्यालयाने 'जुने अभिलेख नियमानुसार नष्ट केले' असे कळवले. कोणत्या नियमानुसार, कोणत्या तारखेला, कोणाच्या सहीने, हे विचारल्यावर नष्ट केल्याची नोंदही सापडत नाही असे उत्तर आले. सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ प्रमाणे कागद नष्ट करण्यालाही रीत आहे आणि त्याचीही नोंद ठेवावी लागते.

या टोलवाटोलवीत मुलगी खचली. तिने एकदा मला विचारले, "ताई, त्यांनी लिहून दिलं की असं काही घडलंच नाही, तर ते पुरावा ठरेल का?" मी तिला सांगितले की 'आमच्याकडे कागद नाही' आणि 'घडले नाही' ही दोन वेगळी उत्तरे आहेत, आणि दुसरे उत्तर कोणीही सही करून दिलेले नाही. तेव्हापासून आलेले प्रत्येक उत्तर, नकारसुद्धा, तारखेनुसार एका फायलीत लावायला सुरुवात केली.

त्याच सुमारास वरच्या आसामातल्या एका जिल्हा कार्यालयातून जाड लिफाफा आला. तिथल्या अभिलेखपालाने अर्ज पुढे ढकलला नव्हता. त्याने कोठी उघडून जुनी बांधीव वही शोधली होती. आत एका पानाची प्रमाणित प्रत होती. नोव्हेंबर १९६२मध्ये गावातून पाठवलेल्यांची यादी. टाइप केलेली, शाई पुसट. काकांच्या वडिलांचे नाव एका अक्षराने चुकलेले, पुढे वय, व्यवसायाच्या रकान्यात सुतार आणि शेवटच्या रकान्यात: पत्नी एक, मुले चार.

मुलांची नावे नव्हती. आठ वर्षांच्या काकांना सरकारने उचलले याचा सरकारी पुरावा म्हणजे तो आकडा. लॉकरमधला सुटकेचा कागद शेजारी ठेवला. जाताना चार, येताना तीन. दोन्ही कागद सरकारचे, दोन्हींवर सरकारचा शिक्का, आणि मधल्या एका लेकराबद्दल कुठेही एक ओळ नाही. काकांनी दोन्ही प्रती हातात धरून बराच वेळ पाहिल्या आणि एवढेच म्हणाले, "म्हणजे ती होती."

हा कागद हाती आल्यावर तिसरा निर्णय आला: वर्तमानपत्रात जायचे का? एका पत्रकाराने तयारी दाखवली होती. मुलगी तयार, मुलगा नाही. काकांना विचारले. त्यांनी पासपोर्ट होईपर्यंत थांबायला सांगितले आणि आम्ही थांबलो. प्रकरण त्यांचे होते. कोणते दुःख किती उघडे करायचे ते ठरवण्याचा हक्कही त्यांचाच.

निष्पत्ती

पासपोर्ट झाला. मळ्याच्या इस्पितळातल्या जन्मनोंदीची प्रत आसामातूनच मिळाली. पोलीस पडताळणीत कोणी वंशाबद्दल विचारले नाही. काका टोरोंटोला जाऊन बहिणीला भेटून आले.

मंत्रालयाला सविस्तर निवेदन दिले. त्यात तीन मागण्या होत्या: स्थानबद्धतेचा लेखी दाखला, बहिणीच्या मृत्यूची नोंद आणि दफनाची जागा. दाखला देण्याची तरतूद अस्तित्वात नाही असे उत्तर आले. उरलेल्या दोन मागण्यांबद्दल उत्तरात शब्दही नव्हता. माहिती अधिकाराच्या प्रथम अपिलात अपिलीय अधिकाऱ्याने 'पुन्हा शोध घ्यावा' असा आदेश दिला. शोधाचा निष्कर्ष पुन्हा तोच. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर त्या काळातल्या स्थानबद्धांविषयीच्या काही फायलींची शीर्षके मुलीला दिसली. त्यांतल्या कोणत्या पाहता येतील, याचा पाठपुरावा ती स्वतः करते.

माफी मिळालेली नाही. भरपाई मागितलेली नाही. तरी मी या प्रकरणाला अपयश म्हणणार नाही, कारण साठ वर्षे जे घरातल्या घरात कुजबुजीतही नव्हते, त्यातल्या निम्म्या गोष्टीवर आज सरकारी शिक्का आहे. उरलेल्या निम्म्यासाठी सरकार जबाबदार आहे आणि ती जबाबदारी कागद हरवल्याने संपत नाही. ज्याच्या ताब्यात माणूस होता, त्यानेच त्या माणसाचे काय झाले हे सांगायचे असते. कोठडीतल्या मृत्यूबाबत आपण हे आज कोणत्याही पोलीस ठाण्याला ठणकावून सांगतो. छावणी युद्धकाळातली होती म्हणून नियम बदलत नाही.

वेगळे काय करता येईल

असे प्रकरण पुन्हा आले तर काही गोष्टींचा क्रम बदलावा असे आमच्या केंद्रात ठरले आहे.

अर्ज वरून खाली न पाठवता खालून वर न्यावेत. मंत्रालयापासून सुरुवात केली की अर्ज हस्तांतरात फिरत राहतो. जिथून माणसे उचलली त्या जिल्ह्यात वह्या अजून असण्याची शक्यता जास्त, आणि तिथला एखादा कर्मचारी मनावर घेतो. एका अर्जात पाच गोष्टी न मागता प्रत्येक नोंदवहीसाठी वेगळा अर्ज करावा, म्हणजे एका नकारात पाच मागण्या बुडत नाहीत. शक्य तिथे प्रत मागण्याऐवजी अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागावी. कायद्यात ती सोय आहे आणि केंद्राच्या नियमांप्रमाणे पहिला तास विनाशुल्क असतो. वहीत काय शोधायचे हे कुटुंबाला जितके कळते तितके कारकुनाला कळण्याचे कारण नाही. नाव एका अक्षराने चुकले की कारकुनाच्या लेखी ते नाव यादीत नसते.

साक्षी मात्र सर्वात आधी घ्याव्यात, अर्जाच्याही आधी. स्थानबद्धतेत मोठे असलेले कोणी आता फारसे हयात नाही. जे आहेत ते तेव्हाची मुले आहेत आणि तीही सत्तरी ओलांडत आहेत.

नागरिकत्वाचा सल्ला स्वतंत्र वकिलाकडून पहिल्याच बैठकीत घ्यावा. इथे मुलाच्या भीतीमुळे तो घेतला गेला. त्याने आग्रह धरला नसता तर १९७२चा कागद कदाचित पहिल्याच अर्जाला जोडला गेला असता. घरातला जो माणूस 'नको' म्हणतो त्याचे ऐकून घेणे हा वेळेचा अपव्यय नसतो.

एक मुद्दा अजून आमच्यात वादाचा आहे. काही सहकाऱ्यांच्या मते अशी पाच-दहा कुटुंबे एकत्र आणून एकत्रित निवेदन द्यावे, म्हणजे सरकारला एकेकाला 'नोंद नाही' म्हणून वाटेला लावता येणार नाही. मला ते पटते. पण त्यासाठी कुटुंबांनी समोर यायला हवे आणि मुंबईत या समाजाची घरे मुळात थोडी. ज्यांनी अर्धे आयुष्य पोलीस ठाण्यात हजेरी देण्यात घालवले, त्यांना पुन्हा एकदा यादीत नाव घाला म्हणायला आम्हाला अजून तोंड होत नाही.

द्वितीय अपील केंद्रीय माहिती आयोगाकडे दाखल आहे. त्यात आता एकच मागणी ठेवली आहे: देवली छावणीत नोव्हेंबर १९६२ ते १९६७ या काळात मरण पावलेल्या सर्व व्यक्तींची नोंदवही आणि दफनाच्या जागांची यादी द्यावी, ती नसेल तर ती कधी, कोणाच्या आदेशाने नष्ट झाली हे प्रतिज्ञापत्रावर सांगावे. अपिलाला तीन कागद जोडले आहेत: चार मुलांची यादी, तीन मुलांचा सुटकेचा हुकूम आणि टोरोंटोहून आलेले आत्याचे प्रतिज्ञापत्र. सुनावणीला काका स्वतः बोलणार आहेत, मराठीतून. तसे त्यांनी आयोगाला कळवले आहे.